बेगमपेट ते मॉरिशस : रोनाल्ड रॉस यांचा डासांचा हिशेब



आपल्या हैदराबाद-सिकंदराबादमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी मंडळींना बेगमपेट काही नवे नाही. जुन्या विमानतळामुळे तर ते सर्वांच्याच ओळखीचे. पण त्याच भागात एक जुनी, बैठी, दगडी इमारत आहे. तिच्यात १८९७ साली लागलेल्या एका शोधामुळे जगातील कोट्यवधी माणसांचे प्राण वाचले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मी बँकेतील नोकरीची बरीच वर्षे सिकंदराबादेत काढली. त्या रस्त्याने रोज जा-ये केली, पण आत पाऊल टाकले ते निवृत्तीनंतर. नातीला डेंग्यू झाला, आठ दिवस प्लेटलेटचे आकडे बघत घरातल्या सर्वांची झोप उडाली, आणि त्यानंतर डास हा विषय माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. वाचता वाचता सर रोनाल्ड रॉस भेटले. त्यांचे बेगमपेटचे काम पुष्कळांनी लिहिले आहे. त्यांनी मॉरिशस या छोट्या बेटावर जे काम केले, त्याबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. मला स्वतःला त्यांचे तेच काम अधिक मोठे वाटते. का, ते पुढे सांगतो.

मनाविरुद्ध झालेला डॉक्टर

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. उत्तर भारतात उठावाची ठिणगी पडली तो हाच आठवडा. वडील ब्रिटिश हिंदी फौजेत अधिकारी होते. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. मुलाला आवड होती कवितेची, चित्रांची, संगीताची आणि गणिताची. वडिलांनी ठरवले की याने डॉक्टर व्हायचे आणि हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत जायचे. आपल्याकडे अशी उदाहरणे घरोघरी सापडतील, तेव्हा जास्त सांगायला नको.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात नाव घातले गेले, पण अभ्यासात मन नव्हते. एका परीक्षेत नापास झाले. काही काळ जहाजावर डॉक्टरची नोकरी केली. अखेर १८८१ मध्ये लागणाऱ्या परीक्षा पार करून ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पुढची सात वर्षे मद्रास, बंगळूर, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्या होत राहिल्या. लष्करी दवाखान्यात काम बेताचे असे, म्हणून उरलेला वेळ घोडेस्वारी, कविता, कादंबरी-लेखन आणि गणित यांत जाई.

या काळातली एक लहानशी गोष्ट पुढच्या सगळ्या कामाचे बीज ठरली. १८८३ मध्ये बंगळूरला त्यांच्या बंगल्यात डासांनी उच्छाद मांडला होता. त्यांनी शोध घेतला, तेव्हा खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडे केले, आणि डास कमी झाले. तेव्हा डासाचा आणि हिवतापाचा संबंध कोणालाच माहीत नव्हता. निव्वळ झोपमोड टाळण्यासाठी केलेला हा उद्योग होता. पण साठलेले पाणी काढले की डास कमी होतात, हे त्यांच्या मनात पक्के झाले.

१८८८ मध्ये ते रजेवर विलायतेला गेले. तिथे सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली, जंतुशास्त्र शिकले आणि १८८९ मध्ये रोझा ब्लॉक्सम यांच्याशी विवाह केला. हिवतापाचा सूक्ष्म परजीवी फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी १८८० मध्येच रक्तात पाहिला होता. रॉस यांना मात्र तो दिसत नव्हता, म्हणून असे काही असते यावर त्यांचा विश्वासही नव्हता. १८९४ च्या रजेत लंडनला पॅट्रिक मॅन्सन या अनुभवी डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली तो परजीवी प्रत्यक्ष दाखवला. मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना हत्तीरोगाचे जंतू डासाच्या पोटात जातात हे पाहिले होते. हिवतापाचेही तसेच काही असावे, हा त्यांचा तर्क. रॉस तो तर्क मनात घेऊन हिंदुस्थानात परतले. वय तेव्हा सदतीस.

सिकंदराबादची दोन वर्षे

१८९५ च्या उन्हाळ्यात रॉस सिकंदराबादच्या छावणीत रुजू झाले. पलटणीचे डॉक्टर म्हणून नेहमीचे काम सांभाळून त्यांनी डास पकडणे, रोग्यांना चावू देणे, मग त्यांची चिरफाड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघणे असे सुरू केले. सरकारकडून ना मदत, ना खास रजा. सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. मॅन्सन यांची समजूत अशी होती की डास पाण्यात मरतात आणि ते पाणी प्यायल्याने ताप येतो. रॉस यांनी तोही प्रयोग करून पाहिला. काही निष्पन्न झाले नाही. मधेच पटकीच्या कामासाठी बंगळूरला बदली झाली. १८९७ मध्ये निलगिरीच्या पायथ्याशी सिगूर घाटात गेले असता स्वतःलाच हिवताप जडला.

जून १८९७ मध्ये ते सिकंदराबादला परतले. पाऊस लांबला होता, उकाडा भयंकर. पंखा लावावा तर चिरलेला डास उडून जाई, म्हणून पंख्याविना काम. कपाळावरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, भिंगाला तडा गेला होता. इतके दिवस ते ज्या जातीचे डास तपासत होते, ती जातच चुकीची होती. ऑगस्टच्या मध्यावर त्यांच्या माणसांनी वेगळ्या अळ्या आणल्या. त्यातून पंखांवर ठिपके असलेले डास निघाले. आज आपण ज्याला अ‍ॅनाफिलीस म्हणतो तो हाच. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला ते डास चावू दिले, आणि एका डासामागे एक आणा असा मोबदला दिला. हा दर मला फार महत्त्वाचा वाटतो. वैद्यकशास्त्रातील एवढा मोठा शोध, आणि त्यातील एका पक्षाच्या खात्यावर जमा काही आणे!

२० ऑगस्ट १८९७ रोजी, उरलेल्या मोजक्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना गोल पेशी दिसल्या. त्यांत काळे कण होते, आणि ते कण हिवतापाच्या परजीवीत असतात तसेच होते. दुसऱ्या दिवशीच्या डासात त्या पेशी अधिक मोठ्या झालेल्या आढळल्या. म्हणजे परजीवी डासाच्या शरीरात जगतो आणि वाढतो. कवी माणूस, त्या प्रसंगावर त्यांनी कविताही लिहिली. जगभर २० ऑगस्ट हा डास दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच.

पण लगेच पुढच्या महिन्यात बदलीचा हुकूम आला, राजपुतान्यातील खेरवाड्याला. तिथे हिवतापच कमी. बँकेत काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको की काम रंगात आले की बदली येते. पुष्कळ खटपटीनंतर १८९८ च्या आरंभी त्यांना कलकत्त्याला संशोधनासाठी नेमण्यात आले. पण प्लेगच्या साथीमुळे आणि ती आवरण्याच्या सक्तीच्या उपायांमुळे लोकांत भीती पसरली होती. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली ती आदल्याच वर्षी. कोणी गोरा डॉक्टर सुई टोचतो म्हटले की रोगी पळून जात. म्हणून रॉस यांनी माणसाऐवजी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले. महंमद बक्ष या मदतनिसाने रात्ररात्र जागून त्यांना साथ दिली. जुलै १८९८ मध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथीत येतो आणि डास चावताना तो निरोगी पक्ष्याच्या रक्तात जातो, हे सिद्ध झाले. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीतही हेच घडते हे दाखवले. श्रेय कोणाचे यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जन्मभर वैर राहिले. १९०२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रॉस यांना मिळाले.

शोध लागला, पण ताप जात नव्हता

साधारण चरित्रे इथे संपतात. शोध लागला, पारितोषिक मिळाले, टाळ्या वाजल्या. रॉस यांची खरी तळमळ इथून सुरू होते. रोग कसा पसरतो हे कळले, मग तो थांबवायचा कोणी? १८९९ मध्ये सरकारी नोकरी सोडून ते लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेत शिकवू लागले. त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाऊनला गेले. तिथे डासांच्या जागा शोधल्या, नंतर माणसे लावून डबकी बुजवली, फुटके डबे उचलले. काम चालू होते तोवर फरक पडला. पैसा आणि लक्ष आटले तसे डास परतले. १९०२ मध्ये सुएझ कालव्यावरील इस्मालिया गावी मात्र कालवा कंपनीने नेटाने काम केले आणि दोन-तीन वर्षांत तिथला हिवताप जवळजवळ नाहीसा झाला. तीच विद्या, तेच उपाय. एके ठिकाणी तपासणारा आणि पैसे देणारा कायम होता, दुसरीकडे नव्हता. रॉस यांनी हा धडा मनात ठेवला.

मॉरिशसची हाक

मॉरिशस हे हिंदी महासागरातले लहानसे बेट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर, बस्स. आज ते स्वतंत्र राष्ट्र आहे, तेव्हा ब्रिटिश वसाहत होते. सगळीकडे ऊस. गुलामगिरी बंद झाल्यावर ऊसमळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यात आले. सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर उतरली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातील आपले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात, भजने म्हणतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आपण निजामाच्या राज्यात रुजलो, ते समुद्रापलीकडे रुजले, एवढाच फरक.

या बेटावर १८६५ पूर्वी हिवताप घर करून नव्हता. तो वाहून नेणारा डास बहुधा जहाजांतून तिथे पोचला. मजुरांच्या आणि प्रवाशांच्या रक्तातून परजीवी आलेला होताच. जंगल तोडून ऊस लावलेला, ओढ्यांचे काठ मोकळे, जागोजागी उन्हात साठलेले पाणी. गवताच्या गंजीला ठिणगी लागावी तसे झाले. १८६६ ते १८६८ या काळात साथ उसळली, आणि एकट्या १८६७ मध्ये तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. बेटाची लोकसंख्याच तेव्हा साडेतीन लाखांच्या घरात होती. कोयनेलचा तुटवडा पडला. ज्यांच्याकडे पैसा होता, ती कुटुंबे पोर्ट लुई सोडून क्युरपिप वगैरे उंचावरच्या गावी राहायला गेली. ज्यांना मळा सोडण्याची मुभा नव्हती, ते जागच्या जागी राहिले. साथ ओसरली, पण ताप गेला नाही. दर पावसाळ्यात तो येऊ लागला. कोणत्या ना कोणत्या घरात कोणी ना कोणी गोधडी पांघरून कुडकुडत पडलेले, असा पुढच्या चाळीस वर्षांचा क्रम.

अखेर ब्रिटिश वसाहत खात्याने रॉस यांना तिथे जाऊन उपाय सुचवण्यास सांगितले. नोव्हेंबर १९०७ मध्ये ते पोर्ट लुईला उतरले आणि फेब्रुवारी १९०८ पर्यंत, सुमारे तीन महिने, तिथे राहिले. लष्करी डॉक्टर मेजर फाउलर त्यांच्या मदतीला होते.

आधी मोजा, मग खर्च करा

रॉस यांची पद्धत बघून मला माझ्या पहिल्या शाखाधिकाऱ्यांची आठवण झाली. शाखा ताब्यात घेताना ते आधी सगळी थकबाकीची खाती मांडून बसत. एकही नोटीस काढायच्या आधी, नेमके किती बुडीत आहे हे त्यांना हवे असे. रॉस यांनीही आधी मोजणी केली.

पण हिवताप मोजायचा कसा? मृत्यूच्या नोंदी भरवशाच्या नव्हत्या, कारण खेड्यापाड्यांत सगळेच ताप एका नावाखाली लिहिले जात. प्रत्येकाचे रक्त तपासायला माणसे नव्हती. रॉस यांनी सोपी युक्ती वापरली. वारंवार हिवताप आलेल्या मुलाची प्लीहा, म्हणजे आपल्या आज्या जिला पाणथरी म्हणत ती, वाढते. मुलाला उभे करून किंवा निजवून डाव्या बरगडीखाली बोटांनी दाबले की हाताला लागते. त्याला ना यंत्र लागते, ना रसायन. मळ्यांवरची आणि शाळांतली मुले अशी तपासण्यात आली. थोडीथोडकी नाहीत, सुमारे तीस हजार. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांची पाणथरी वाढलेली निघाली. समुद्रसपाटीजवळच्या ओलसर भागांत हे प्रमाण जास्त, उंचावरच्या गावांत कमी. गावागावाचे आकडे मांडल्यावर कुठे रोग किती, हे कोणालाही दिसू लागले.

त्या तीस हजारांत कोकणातून गेलेल्या घरांतली मुलेही असणारच. एखाद्या मळ्यावर रांगेत उभे राहून, सदरा वर करून, गोऱ्या साहेबाच्या गार बोटांनी अंग चोरणारे एखादे पोर माझ्या डोळ्यांसमोर येते. त्याचे नाव कुठल्या कागदावर नाही, पण अहवालातल्या आकड्यात ते आहे.

दुसरे काम डासांचे. बेटावर कोणत्या जातीचे अ‍ॅनाफिलीस आहेत, ते कुठे अंडी घालतात, याचा शोध घेतला. सरसकट सगळे पाणी दोषी नव्हते. ओढ्यांचे गवताळ काठ, दलदल, तुंबलेले पाट, उन्हातली छोटी डबकी, अगदी गुरांच्या खुरांच्या खळग्यात साठलेले पाणी, या खऱ्या जागा. म्हणजे अख्खे बेट कोरडे करायची गरज नव्हती. वस्तीजवळच्या नेमक्या जागा सांभाळल्या तरी पुरे.

डासांचे गणित

तिसरे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. लोक रॉस यांना विचारत, की सगळे डास मारणे शक्य आहे का? नसेल, तर हा खटाटोप कशाला? एक डास उरला तरी रोग पसरणारच. त्यावर रॉस यांनी गणित मांडले, आणि ते मॉरिशसच्या अहवालात आहे. एका रोग्यापासून नवा रोगी तयार व्हायचा तर किती गोष्टी जुळाव्या लागतात, ते त्यांनी पायरीपायरीने लिहिले. डासाने आधी माणसाला चावले पाहिजे. तो माणूस हिवतापाचा रोगी असला पाहिजे. मग परजीवी पक्व होईपर्यंत, आठ-दहा दिवस, डास जगला पाहिजे. त्यानंतर त्याने पुन्हा माणसालाच चावले पाहिजे, जनावराला नव्हे. प्रत्येक पायरीला पुष्कळ डास गळतात. म्हणजे लोकसंख्येच्या मानाने डास एका मर्यादेखाली आणले, की नवे रोगी कमी होतात आणि बरे होणारे जास्त. मग रोग आपोआप विझत जातो.

आपल्याला समजेल अशा भाषेत सांगतो. समजा, एखाद्या शाखेत दरमहा शंभर थकीत खाती वसूल होऊन बंद होतात, आणि नवी ऐंशीच थकतात. आज थकबाकी कितीही मोठी असली तरी ती उतरणारच. नवी एकशे वीस थकली, तर कितीही वसुली करा, चढतच जाणार. सगळा प्रश्न त्या एका रेषेचा. रॉस यांनी ती रेषा कुठे आहे हे प्रथम दाखवले. साथींचा अभ्यास गणिताने करण्याचे जे शास्त्र आज आहे, त्याच्या मुळाशी हे काम आहे. कोरोनाच्या काळात एका रोग्यामागे किती नवे रोगी हा आकडा आपण रोज वर्तमानपत्रात वाचत होतो. त्या विचाराचा एक धागा थेट मॉरिशसच्या उसापर्यंत जातो.

रॉस यांनी सुचवलेले उपायही व्यवहारी होते. दरवर्षी शाळांत आणि मळ्यांवर पाणथरीची मोजणी करावी. मुलांना आणि मजुरांना कोयनेल नियमित द्यावे. डासांच्या जागा साफ करणारी कायमची पथके ठेवावीत. ओढे मोकळे करणे, पाट दुरुस्त करणे, खड्डे भरणे ही छोटी कामे आधी करावीत. दलदल हटवण्यासारखी मोठी कामे जिथे खर्चाच्या मानाने फायदा आहे तिथेच काढावीत. सर्वांवर एक जबाबदार अधिकारी असावा. मजूर आजारी पडला की मळ्याचे किती नुकसान होते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. बेटावर तेव्हा चलन रुपयाचेच होते, आणि तिजोरीत ते बेताचेच होते. त्यांचा अहवाल १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१० मध्ये त्यांनी हिवताप-प्रतिबंधावर मोठा ग्रंथ काढला, त्यातही मॉरिशसचा अनुभव कामी आला.

मग बेट हिवतापमुक्त झाले का? नाही. काही ठिकाणी कामे झाली, फरकही पडला, पण बेटभर सातत्य राहिले नाही. पुढची चार दशके ताप तिथेच होता. १९४९ नंतर डीडीटीची मोठी मोहीम निघाली, तेव्हा तो झपाट्याने हटला. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला हिवतापमुक्त ठरवले. दोन वर्षांतच मोठे चक्रीवादळ आले, आणि ताप परत शिरला. १९८२ मध्ये सहाशेहून अधिक रोगी निघाले. मग पुन्हा कंबर कसून, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्थानिक हिवताप संपवला. हिवताप असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांच्या घरी आरोग्य कर्मचारी जाऊन चौकशी करतात, रक्त तपासतात. एवढे असूनही २००५-०६ मध्ये दुसऱ्या जातीच्या डासाने चिकुनगुन्या आणलाच. या खात्यावर शेवटची सही कधी होत नाही.

माणूस म्हणून

रॉस देवमाणूस होते असे मी म्हणणार नाही. ते तापट होते. मान मिळाला नाही की दुखावत. ग्रासींशी तर भांडणच होते, पण ज्या मॅन्सन यांनी बोट धरून वाट दाखवली त्यांच्याशीही पुढे बिनसले. हुसेन खान, महंमद बक्ष यांच्यासारख्यांच्या वाट्याला पारितोषिक सोडाच, नावही क्वचितच आले.

आयुष्यानेही त्यांना सगळेच दिले असे नाही. १९११ मध्ये सर किताब मिळाला. १९१४ मध्ये महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात थोरला मुलगा रणांगणावर गेला. म्हातारपणी पैशाची ओढाताण इतकी, की आपले जन्माचे कागदपत्र त्यांनी विकायला काढले. नोबेल मिळालेल्या माणसाने जाहिरात देऊन आपली टिपणे विकावीत, हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो होतो. १९२६ मध्ये लंडनला त्यांच्या नावाची संस्था निघाली. १९२७ च्या आरंभी ते कलकत्त्याला आले, तेव्हा त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेच्या आवारात स्मारकाचे अनावरण झाले. १९३१ मध्ये पत्नी गेली, आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजी तेही गेले.

बेगमपेटच्या त्या इमारतीच्या आवारात मी गेलो, तेव्हा पाऊस नुकताच पडून गेला होता. पायऱ्यांशी एका फुटक्या कुंडीत पाणी साठले होते. वाकून बघितले तर आत अळ्या. मला हसूही आले आणि वाईटही वाटले. कुंडी उपडी केली आणि मग आत गेलो.

घरी आल्यावर गच्चीवर गेलो. टाकीचे झाकण, कूलरचा तळ, फ्रिजमागची ताटली, मनी प्लँटची बाटली सगळे पाहिले. डासाला अंड्यापासून पंख फुटायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळे पाणी ओतले तर पंख फुटण्याआधीच काम होते. आमच्या घरी आता रविवारी सकाळी, चहाच्या आधी, नातच मला गच्चीवर ओढून नेते. तिने एक वही केली आहे. तारीख, जागा, अळ्या होत्या की नव्हत्या, असे तीन रकाने. मी तिला काही शिकवले नाही. बँकवाल्याची नात, रकाने आपोआप पडले.

येत्या २० ऑगस्टला आपल्या मंडळातील काही कुटुंबांनी मिळून बेगमपेटला जायचे ठरवले आहे. मुलांना जरूर आणा. आणि त्या दिवशी घरून निघण्यापूर्वी आपापल्या गच्चीवर एक फेरी मारून या.